वत्सलाचं रान

पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चन्नप्पा,

परवा फोनवर तू दहा मिनिटं बोलत होतास आणि मी मधूनमधून "वा, छान" म्हणत होतो. तू फोन ठेवल्यावर सायलीनं सांगितलं की तू तुझ्या साडूच्या निधनाची बातमी देत होतास. तेव्हा आधी माफी मागतो आणि इथून पुढे फोन बंद, पत्र सुरू. कानातलं यंत्र आणलं आहे, पण त्यात पंख्याचा आवाज येतो, माणसाचा येत नाही. मोबाइलवर तू पाठवतोस ते मजकूर वाचताना डोळेही जातील अशी भीती वाटते.

काम असं आहे. आईला जाऊन तीन महिने झाले. शेवटच्या आठवड्यात तिचा आवाज इतका खोल गेला होता की मला काही ऐकू यायचं नाही. नातीला, म्हणजे आमच्या सायलीला, तिनं जे सांगितलं ते सायलीनं वहीत लिहून ठेवलं. त्यात एक वाक्य आहे: "वत्सलाच्या रानात माझ्या नावानं झाड लावा."

सायलीला इथं एक संस्था सापडली. देणगीदारांच्या माणसांच्या स्मरणार्थ ही संस्था झाडं लावते, तीन वर्षं पाणी घालते, कुंपण करते, नावाची पाटी लावते. अट एकच, जागा सार्वजनिक हवी. आम्ही एकशे एक झाडांची देणगी दिली. अर्जात जागेचं वर्णन लिहायचं होतं. सायलीकरवी अमरसिंहला विचारलं, वत्सला रान कुठं येतं? पुतण्या सरपंच असल्याचा एवढा तरी उपयोग. तो म्हणाला, "गायरानातला दोन एकरांचा तुकडा आहे काका, सरकारी आहे, ग्रामपंचायतीचा ठराव आठ दिवसांत देतो." सायलीनं लिहिलं: "वत्सला रान, मौजे उंबरदरा, गायरान, पडीक व झुडपी, कोणाच्याही वापरात नाही." खाली मी सही केली.

मला स्वतःला या नावाचं रान आठवत नाही. पण मी सोळाव्या वर्षी गाव सोडलं. नंतर कोणी नाव ठेवलं असेल.

तार आणि खांब तुझ्याच दुकानातून घ्यायचे असं अमरसिंहला सांगितलं आहे. सिरसाळ्याहून उंबरदरा दोन कोस. अधूनमधून चक्कर टाकून लक्ष ठेव.

राधाकिशन


सिरसाळा
२० फेब्रुवारी २०२५

राधाकिशन,

तुझं पत्र घेऊन पोस्टमन दुकानात आला तेव्हा चार गिऱ्हाइकं बसली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. पोस्टमन म्हणाला, "अप्पा, तुमाला पत्र? कोर्टाचं हाय का बँकेचं?" मी म्हणालो, दोस्ताचं आहे. कोणाचा विश्वास बसला नाही. एकानं जाताना हळूच विचारलंसुद्धा, "किती भरायचं हाय, अप्पा?"

साडूचं सोड. तो जिवंत असतानाही लोक त्याच्या बोलण्यावर "वा, छान" एवढंच म्हणायचे.

सुंदरबाईंचा विचार चांगला आहे. त्या गेल्याचं कळलं त्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. सायकलवर मीठमिरची विकत गावोगाव फिरायचो तेव्हा उंबरदऱ्यात पाणी विचारणारं घर तुमचंच होतं.

अमरसिंह येऊन गेला. माप घेऊन आला होता, खांब आणि तार निवडून गेला. गिऱ्हाईक म्हणून मला तो देवासारखा आहे, ग्रामपंचायतीचा सगळा माल इथूनच जातो. माल पोचवायला सांगितलंय, पोचेल.

एक सुचवतो. बघ, पटलं तर. शाळेच्या मागं मैदानाच्या कडेनं भरपूर जागा आहे. ती पण सरकारीच. हातपंप जवळ आहे. पोरं झाडाखाली डबा खातील. एकशे एक झाडं तिथं मजेत बसतील आणि जगतील. तू म्हणतोस त्या तुकड्यात सध्या ज्वारी उभी आहे, कणसं भरलीत. पिकात खड्डे कुठं घेणार?

बाकी तू इंजिनिअर माणूस, तुला कळतंच.

चन्नप्पा


पुणे
२ मार्च २०२५

चन्नप्पा,

बरं झालं तू ज्वारीचं कळवलंस. मला धक्काच बसला. सरकारी जागेवर कोणी बिनदिक्कत पीक घेतं आणि गाव बघत बसतं! अमरसिंहला लगेच विचारलं. तो म्हणाला, "हो काका, एका बाईनं घुसखोरी केली आहे. तुमच्यासारख्या मोठ्या देणगीदारानं तहसीलला दोन ओळी लिहिल्या तर काम सोपं होईल." मी त्याच दिवशी लिहून दिलं की सदर जागा पडीक असून वृक्षारोपणासाठी तेथील अतिक्रमण हटवून मोकळी करून द्यावी. त्यानं अर्जाची प्रतही सोबत जोडली.

शाळेमागची जागा चांगली असेल, पण आईनं रान सांगितलं, शाळा नाही सांगितली. गेल्या माणसाच्या शब्दात आपण बदल करू नये. शिवाय मी गावासाठी आजवर काहीही केलेलं नाही. वर्गणीचं पुस्तक घेऊन लोक येत, मी हजार-पाचशे देऊन वाटेला लावी. आता एक तरी काम नीट, सांगितलं तसं व्हावं.

तू ओळखतोस का त्या बाईला? समजूतदार असेल तर तिला सांग की झाडं सगळ्यांची असतात.

राधाकिशन


सिरसाळा
१८ मार्च २०२५

राधाकिशन,

बाईला ओळखतो. तिचं नाव वत्सलाबाई.

हे वाक्य मी मागच्याच पत्रात लिहायला पाहिजे होतं. लिहिलं नाही, त्याचं कारण खाली सांगतो. आधी परवाचं ऐक.

दुपारी दुकानात मी एकटाच होतो. वत्सलाबाई आली. साठीची आहे, उंच, पायात प्लास्टिकचे बूट. तारेच्या भेंडोळ्यापाशी उभी राहिली.

"अप्पा, अमरसिंगानं तार न्हेली ती हितूनच का?"

"दुकान हाय, बाई. मागंल त्याला द्यावी लागती."

"तसलीच हाय का ही?"

"तसलीच. कावून?"

तिनं एक काटा बोटानं दाबून बघितला. म्हणाली, "चांगली हाय. रानडुकरं लई झालीत, म्या घेनारच व्हते. आता फुकटात कुंपन झालं. फकस्त मी भाईर ऱ्हायले."

ज्वारीची काढणी निम्मी झाली होती. अमरसिंहच्या माणसांनी चारी बाजूंनी खांब रोवले आणि तार ओढली. उरलेली निम्मी आत उभी आहे. पाखरं खातात.

मग तिनं पदराखालून कागद काढला. तहसीलची नोटीस. सोळा एप्रिलला परळीला सुनावणी. सोबत तुझा अर्ज आणि तुझं पत्र. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. "पडीक" शब्द आला तेव्हा तिनं थांबवलं.

"पडीक? परत वाचा."

परत वाचलं.

"ह्यो राधाकिसन कोन?"

"सुंदरबाईचा ल्योक. पुण्याला असतो."

ती खाली बसली. मग म्हणाली, "सुंदरामायचा? आन त्याला ठावं न्हाई व्हय, हितं कोन पेरतं?"

आता नीट वाच, बहिऱ्या. वत्सला हे जागेचं नाव नाही, माणसाचं आहे. ती या गावात नांदायला आली तेव्हा तू पुण्यात बस्तान बसवत होतास, म्हणून तुला माहीत नाही. आणि रान! अरे, पन्नास वर्षांत हा शब्दसुद्धा विसरलास? पुण्याच्या रानात वाघ असतात, आमच्या रानात ज्वारी असते. "सकाळी रानात गेलतो" म्हणजे शेतात गेलतो. आई म्हणाली वत्सलाच्या रानात, म्हणजे वत्सलाच्या शेतात. पोरगी पुण्यात वाढली, तिनं जंगल लिहिलं. पोरीला बोल लावू नको. सही तुझी आहे.

गायरानाचा तो तुकडा वत्सलाबाई आणि तिचा नवरा चाळीस वर्षांपासून कसतात. दगड वेचून त्यांनी जमीन केली. नवरा गेला. सरकारनं ठरवलेल्या नव्वद सालाच्या आधीपासून आम्ही कसतो, जमीन नावावर करा, असा तिचा दावा तहसिलात किती वर्षं पडून आहे. सातबाऱ्यावर नाव नाही, घरात कागद नाही. तिच्याजवळ पुरावा एकच, की रान तिच्या नांगराखाली आहे. आणि तू लिहून दिलंस, पडीक आहे. तुझ्या पत्रात एका ओळीत जागा पडीक आहे आणि दुसऱ्या ओळीत तिथलं पीकवालं अतिक्रमण काढायचं आहे. तहसिलात कोणी दोन ओळी एकदम वाचत नाही म्हणून चाललं.

अमरसिंहला माहीत होतं का? त्या तुकड्याच्या मागं त्याचं स्वतःचं रान आहे. त्याला गाडीवाट नाही. तुझ्या झाडांच्या मधून पाणी घालायच्या टँकरसाठी रस्ता ठेवायचा असं ठरावात लिहिलं आहे. रस्ता संपतो त्याच्या बांधाला.

आता माझं. अमरसिंहनं माप सांगितलं तेव्हाच मला कळलं की ही तार कुठं जाणार. पस्तीस वर्षं तार विकतोय. पण मोठं गिऱ्हाईक, तोंड मिटून घेतलं. तुला शाळेमागची जागा सुचवली, ज्वारीचं नुसतं सूचक लिहिलं, आणि मनात म्हणालो, आपलं काम झालं. बहिऱ्याला सूचक लिहून चालत नाही हे मला कळायला पाहिजे होतं.

चन्नप्पा


पुणे
२५ मार्च २०२५

चन्नप्पा,

पत्र तीनदा वाचलं. सायलीला दाखवलं, ती दोन दिवस जेवली नाही. तिचं म्हणणं, आजी नुसतं "रानात" म्हणाली असती तर तिनं विचारलं असतं. "वत्सलाच्या" म्हणाली म्हणून तिला ते नाव वाटलं. जशी इथं टेकड्यांना नावं असतात.

तू आधी का लिहिलं नाहीस हे तू सांगितलंस, त्यावर मी काही बोलत नाही. बोलण्यासारखं माझ्याकडंही काही नाही.

मी संस्थेला कळवलं आहे की जागा बदला, झाडं शाळेमागं लावा. त्यांनी होकार दिला आहे. म्हणजे प्रश्न मिटला असं मी समजतो. अमरसिंहशी बोललो, म्हणजे सायलीमार्फत. तो म्हणतो, वत्सलाबाईंना घरकुल मंजूर करून देतो, त्यांचं नुकसान होऊ देणार नाही. तो माझ्या भावाचा मुलगा आहे. भाऊ गेल्यापासून घरातलं मोठं माणूस मीच. तहसिलात जाऊन मी त्याच्याविरुद्ध उभं राहिलो तर गावात आमच्या घराचं काय राहील?

ते पत्र मी मागे घेतलं असं दोन ओळींत टपालानं कळवलं तर नाही का चालणार? तुला तिथली पद्धत माहीत.

राधाकिशन


सिरसाळा
२ एप्रिल २०२५

राधाकिशन,

न्हाई चालणार. मी परळीला जाऊन तिथल्या कारकुनाला चहा पाजून विचारून आलो. तुझं पत्र फायलीत लागलं आहे. झाडं कुठंही ने, पत्र तिथंच राहतं. टपालानं दुसरं पाठवलंस तर ते त्याच्यावर लागेल आणि अमरसिंहचा वकील म्हणेल, म्हातारा माणूस, कोणी दबाव टाकला असेल. ज्यानं लिहिलं त्यानं समोर उभं राहून सांगायचं, तोंडानं. मग साहेब ते लिहून घेतात, तुझी सही घेतात.

घरकुलाचं ऐकून मला हसू आलं. वत्सलाबाईला घर आहे. घर पेरता येत नाही.

आणि तुझ्या घराचं काय राहील म्हणतोस, तर तुझ्या घराचं एक सांगतो. हे मला परवा वत्सलाबाईकडून कळलं. तुझे वडील गेल्यावर जमीन अमरसिंहच्या बापाकडं कसायला गेली, आई घरात एकटी. ती वत्सलाबाईबरोबर सावड करायची. एक दिवस वत्सलाबाई तुमच्या परसातल्या भाजीच्या वाफ्यात, एक दिवस सुंदरबाई हिच्या रानात खुरपायला. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही. दुपारी भाकरी खायला बसायच्या तर अख्ख्या तुकड्यात सावली नाही. चार काट्या उभ्या करून त्यावर लुगडं टाकायच्या. ऊन सरकलं की काट्या सरकवायच्या. सुंदरबाई रोज म्हणायची, "वत्सले, तुज्या रानात येक झाड न्हाई गं." ही म्हणायची, "झाड लावलं तर सावलीखालची ज्वारी तुमी देनार का?" अशी वीस वर्षं. मग तू आईला पुण्याला नेलंस.

आई एक झाड म्हणाली होती. तुझ्याच पत्रात आहे, वहीतलं वाक्य. एकशे एक तुम्ही केलीत.

सोळा तारखेला सकाळी अकराला. पंधराला ये, माझ्याकडं उतर. अमरसिंहकडं उतरू नको. ऐकू येत नाही म्हणून घाबरू नको, कान माझे आहेत. तुला फक्त बोलायचं आहे.

हो, आणि ग्रामपंचायतीचा माल आता केजहून येतो असं कळलं. कळणारच होतं.

चन्नप्पा


पुणे
२१ एप्रिल २०२५

चन्नप्पा,

सुखरूप पोचलो. नीलावहिनींनी बांधून दिलेली धपाटी नगरपर्यंतच संपली.

एक विनंती आहे. सुनावणीत मी उभा होतो, बोललो, सही केली, पण काय काय झालं ते मला नीट माहीत नाही. मला फक्त तोंडं हलताना दिसत होती. तू नंतर सांगत होतास, पण जीपमध्ये मला काहीही ऐकू आलं नाही, आणि दर वेळी "काय?" म्हणायची लाज वाटली. सायली विचारते, मला सांगता येत नाही. सगळं सविस्तर लिही. काही गाळू नकोस, माझ्या फजितीचंही नको गाळू.

आणि अमरसिंह माझ्याकडं आधार कार्ड का मागत होता?

राधाकिशन


सिरसाळा
२८ एप्रिल २०२५

राधाकिशन,

आधार कार्डापासूनच सुरू करतो, कारण ते अख्ख्या परळीत पसरलं आहे.

तू उभा राहिलास तेव्हा अमरसिंह तुझ्या मागं येऊन कानाशी म्हणाला, "काका, माघार घ्या. माघार." तू मोठ्यानं म्हणालास, "आधार? आणलंय की!" आणि खिशातून काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलंस. कारकुनानं लगेच नंबर उतरवून घेतला. अमरसिंह म्हणाला, "तसं न्हाई, काका." तू म्हणालास, "मूळ प्रतच आहे रे!" मागं बसलेली माणसं हसायला लागली. मॅडमनी टेबलावर पेन वाजवलं.

आता क्रमानं. मॅडम नायब तहसीलदार आहेत, नागपूरकडच्या. त्यांनी तुला विचारलं, "हा अर्ज तुम्ही केला?" मी तुला कागदावर लिहून दाखवलं. तू म्हणालास, "होय, मी केला. चुकीचा केला." इतक्या मोठ्यानं, की बाहेरच्या व्हरांड्यात रेशन कार्डाच्या रांगेतले लोक दारात आले. राधाकिशन, बहिऱ्याला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. त्या दिवशी ते बरं झालं.

अमरसिंहच्या वकिलानं म्हटलं, "मॅडम, देणगीदार पुण्यात राहतात, त्यांना प्रत्यक्ष जागेची माहिती नाही." मी तुला लिहून दाखवलं. तू म्हणालास, "बरोबर! मला माहिती नाही. मला माहिती नसताना मी पडीक लिहिलं, म्हणूनच ते खोटं आहे." वकील खाली बसला. त्याला वाटलं होतं तो तुला पाडतोय.

मग मॅडमनी विचारलं, अर्जात वत्सला रान असं जागेचं नाव आहे, ते काय? तू रान म्हणजे काय ते सांगायला लागलास. सायलीचं सांगितलंस, वहीचं सांगितलंस, आईचा आवाज ऐकू येत नव्हता तेही सांगितलंस. मॅडमना पटेना. त्यांच्याकडं शेताला वावर म्हणतात, रान म्हणजे त्यांनाही झाडीच वाटली होती. त्यांनी वत्सलाबाईला विचारलं, "बाई, तुम्ही रोज सकाळी कुठं जाता?"

वत्सलाबाई म्हणाली, "रानात."

"रानात काय करता?"

"खुरपते. आन काय करनार? लपाछपी खेळू का?"

तुला तेव्हा लोक का हसले ते कळलं नाही. तू पण हसलास, सगळे हसले म्हणून.

मॅडमनी मग अमरसिंहला विचारलं, "सरपंच, तुम्ही इथलेच. रान म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं?" अमरसिंह स्वतःचे बूट बघत राहिला. मग म्हणाला, "व्हतं." एवढंच. मला त्याची कीव आली, खरं सांगतो. लहानपणी माझ्या दुकानात गोळ्या मागायचा तेव्हा खोटं बोलला की असाच बूट बघायचा.

तुझा जबाब लिहून घेतला. अर्ज आणि पत्र चुकीच्या समजुतीतून दिलं, जागा वत्सलाबाई कसत आहेत, माझी आई तिथं खुरपणीला जात होती. खाली तुझी सही, साक्षीला माझी. आदेश असा, की दाव्याचा निकाल लागेपर्यंत बाईच्या वहिवाटीला कोणी हरकत घ्यायची नाही. जमीन नावावर झाली नाही. तो निकाल कधी लागेल ते वैद्यनाथाला माहीत. पण फायलीत आता "पडीक" च्या वर "कसत आहेत" लागलं आहे, आणि ते सरपंचाच्याच घरातल्या माणसानं लिहिलं म्हणून वजनाचं आहे.

बाहेर आल्यावर वत्सलाबाई तुझ्यासमोर उभी राहून काहीतरी म्हणाली आणि तू "नमस्कार, नमस्कार" केलंस. ती म्हणाली होती, "सुंदरामायसारखं नाक हाय. अक्कल बापाची हाय." मी तेव्हा सांगितलं नाही. तूच म्हणालास, गाळू नकोस.

एक अडचण उरली. अमरसिंहची माणसं खांब काढायला गेली तर हिनं काढू दिले नाहीत. म्हणते, "ही देनगीची तार हाय. देनगीवाल्यानं न्हेली तर न्हेऊ द्या." एका बाजूचे दोन खांब तिनं स्वतः उपटून वाट केली आहे. तार परत न्यायची आहे का, ते कळव.

चन्नप्पा


पुणे
२० जून २०२५

चन्नप्पा,

तारेचं मी बघितलं, संस्थेला तिची भरपाई केली. तार तिथंच राहू दे. रानडुकरं बाहेर राहिली म्हणजे झालं.

पाच जुलैला शाळेमागं झाडं लागतील. मी येत नाही. सत्कार ठेवला आहे असं कळलं, आणि माझा सत्कार होण्यासारखं या कामात काही नाही. अमरसिंहलाच नारळ फोडू दे. गेल्या आठवड्यात त्यानं सायलीला फोन केला होता. वीस मिनिटं बोलला, पावसापाण्याचं, पोरांच्या शाळेचं. त्या विषयावर एक अक्षर नाही. मग फोन ठेवताना म्हणाला, काकांना सांग, माझ्यावर राग धरू नका. मी म्हटलं, धरला नाही म्हणावं. धरला आहे, पण जाईल.

आता एक मागणं. एकशे एकपैकी शंभर शाळेमागं जातील. एक मी संस्थेकडून बाजूला ठेवून घेतलं आहे, वत्सलाबाईंच्या बांधावर लावण्यासाठी. संस्थेची हरकत नाही. जमीन अजून सरकारच्याच नावावर असल्यामुळे ती त्यांच्या नियमात बसते! सायलीनं पाटीचा मजकूरही लिहिला आहे, या वेळी तुला दाखवून मगच रंगवू. झाड कोणतं हवं ते त्यांना विचार. वड, पिंपळ, चिंच, काहीही.

राधाकिशन


सिरसाळा
२४ जुलै २०२५

राधाकिशन,

शाळेमागं शंभर झाडं लागली. फोटो निघाले. अमरसिंहनं फावडं हातात धरून सात फोटो काढले, आठव्याला खरंच खड्डा खणला. पोरांना एकेक झाड वाटून दिलं आहे. पाणी घातलं नाही तर मास्तर हजेरी लावत नाहीत. निम्मी जगतील, म्हणजे पुष्कळ झाली. तुझ्या आईचं नाव दारातच मोठ्या पाटीवर आहे, अक्षर बरोबर आहे, मी दोनदा तपासलं. कार्यक्रमानंतर अमरसिंह दुकानात आला, ठिबकचे पाइप बघितले, केजपेक्षा माझा भाव जास्त आहे म्हणाला, आणि घेऊन गेला.

एकशेएकावं झाड घेऊन मी वत्सलाबाईकडं गेलो होतो. वडाचं रोप होतं, चांगलं कमरेएवढं. तिनं बांधावर उभं राहून सगळं ऐकून घेतलं. संस्था, नियम, पाटी, तीन वर्षांचं पाणी. मग म्हणाली, "न्हेऊन टाका, अप्पा."

मी म्हणालो, "कावून? सुंदरबाईच्या नावाचं हाय."

"नाव तिचं. झाड कुनाचं?"

"संस्थेचं. म्हंजे सरकारचंच म्हना."

"मंग? आज झाड सरकारचं. उंद्या झाडाखालची माती सरकारची. परवा कुनी तरी कागद घिऊन यील, हितं वड हाय, हितं पेरायचं न्हाई. म्या ह्या रानात कुनाच्या कागदाचं काई लावू देनार न्हाई. चांगल्या मानसाच्या कागदाचं तर आजिबातच न्हाई."

रोप परत आणलं. शाळेच्या दारात लावलं, शंभरात भर.

रागावू नको. ती रागात नव्हती. मला बसवून घेतलं, भाकरी आणि ठेचा दिला. तूर चांगली उगवून आली आहे. खाताना मी बघितलं, विहिरीकडच्या कोपऱ्यात, कुळवाच्या पाळीच्या बाहेर, काट्याच्या फांद्यांचं छोटंसं आळं केलं आहे. आत वीतभर कडुलिंब. रस्त्याकडेला आपोआप उगवलेला तिनं मुळासकट उचलून आणला आहे, दिसतच होतं. तीच म्हणाली, "आमी दोगी बसायचो ना, त्या जागंवर हाय. ज्वारीचं नुसकान व्हईल थोडं. व्हऊ दे."

आणि मला बजावलं, "राधाकिसनला कळवू नगा. लगीच पाटी घिऊन यील."

म्हणून तुला कळवतोय. पाटी आणू नकोस.

चन्नप्पा